एका राहिलेल्या नावाचा एप्रिल

करवंदं बाजारात आली की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी पेन शोधायला लागते. यात करवंदांचा काही दोष नाही, दोष त्यांच्याबरोबर येणाऱ्या एप्रिलचा. कर्नाळ्याच्या बाजूने डोंगरातल्या बायका डोक्यावर पाट्या घेऊन उतरतात, पनवेलच्या बाजारात रस्त्याकडेला बसतात, पानांच्या द्रोणांत काळीभोर करवंदं मांडतात, आणि माझ्या मनात कुठेतरी घंटा वाजते. अर्धा तास आधी वर्गात बसा, मोबाईल बाहेर ठेवा, हॉल तिकीट बाकावर ठेवा. कॉलेज सोडून नऊ वर्षं झाली, तरी ही घंटा काही बंद पडत नाही.

परवा संध्याकाळी नवीन पनवेलमध्ये आमच्या सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर ही गर्दी. मुलं घामाघूम, मुली ओढणीने वारा घेतायत, यंत्र गरम कागद ओकतंय. त्या कागदाचा एक वास असतो, जरासा करपलेला. एक मुलगी दुसरीला म्हणाली, "तुझं हॉल तिकीट आलं का गं? माझं अजून होल्डवर आहे." तिने ते सहज म्हटलं. मी मात्र हातातली भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबले. थांबून तिला विचारणार होते, कोणत्या कॉलेजची, हजेरीमुळे का, ऑफिसात कुणाला भेटलीस. नवऱ्याने दंडाला धरून पुढे नेलं. "तुझी मुदत संपली आहे बाई," तो म्हणाला, "आता दुसऱ्या कुणाला तरी सेक्रेटरी होऊ दे."

तर मी सेक्रेटरी होते. पनवेलच्या एका कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेची सचिव, तृतीय वर्ष वाणिज्य. वर्गप्रतिनिधींनी हात वर करून मला निवडलं होतं, त्यातही निम्म्यांनी पंखा लांब आहे म्हणून लवकर सुटायला हात वर केले असावेत. आमची खोली जिन्याखाली होती. वरून कुणी धावत उतरलं की छतातून चुना पडायचा, चहात पडला तर आम्ही गाळून प्यायचो. एक टेबल, चार खुर्च्या, त्यातली एक फक्त पाहुण्यांसाठी, कारण तिचा पाय मोडका होता आणि पाहुणे फार वेळ बसू नयेत अशी आमची इच्छा असायची.

काम काय, तर कुणाच्या मार्कशीटवर एका विषयाचे गुण शून्य पडलेत, ते घेऊन ऑफिसच्या खिडकीशी उभं राहा. मुलींच्या स्वच्छतागृहातला नळ तीन महिने गळतोय, त्याचा अर्ज लिहा. रोडपालीहून येणाऱ्या मुलांची बस बदलली, त्यांचं पहिलं लेक्चर बुडतं, सरांशी बोला. पुनर्मूल्यांकनाचा फॉर्म भरायला घाबरणाऱ्या मुलाबरोबर नुसतं उभं राहायचं, हेही कामच होतं. तो मुलगा नंतर म्हणाला, "तू काही केलं नाहीस, पण बरं झालं होतीस." इतकी नेमकी पावती मला पुढे नोकरीतही कुणी दिली नाही.

पण या कामात एक पेच असतो, तो निवडून येताना कुणी सांगत नाही. मुलांना वाटतं ही ऑफिसची, ऑफिसला वाटतं ही मुलांची. दोन्हीकडची बोलणी खायची, आणि कुणाकडे तक्रारही करायची नाही, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मला हे जमतं असा माझा समज होता. वीस वर्षांच्या मुलीचे असे बरेच समज असतात.

माझा सगळ्यात लाडका समज म्हणजे मी न्यायी आहे. त्या जुलैत परिषदेची पहिली बैठक झाली तेव्हा मी उभी राहून भाषण ठोकलं. विषय होता हजेरीचा. आमच्याकडे रीत अशी की स्नेहसंमेलनासाठी जी मुलं राबतात, त्यांची तेवढ्या दिवसांची हजेरी धरतात. त्यासाठी सचिवाने नावांची यादी द्यायची. आधीच्या वर्षांत झालं होतं असं की यादी दिल्यावर हळूच नावं वाढायची. कुणाचा मित्र, कुणाचा चुलत भाऊ, ज्याने मंचाची पायरीही पाहिली नाही असा एखादा. मी म्हटलं, हे बंद झालं पाहिजे. यादी एकदा दिली की दिली, नंतर एकही नाव घालायचं नाही, मग कुणीही येवो. टाळ्या पडल्या. हजेरी समितीचे देवळेकर सर मागे बसले होते, अर्थशास्त्र शिकवायचे, स्टीलच्या स्वतःच्या पेल्यातून चहा प्यायचे. ते म्हणाले, "छान. लिहून दे, सही करून." मी वळणदार अक्षरात लिहून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कळलं नाही.

मग आलं स्नेहसंमेलन. जानेवारीतल्या त्या तीन आठवड्यांचा वास मला अजून येतो. सभागृहात डिंकाचा वास, चहाचा, घामाचा, आणि या सगळ्यावर रंगाचा. त्या वर्षी मंचाला छापील बॅनर लावायचं नाही, हाताने रंगवलेला पडदा लावायचा असं ठरलं होतं, आणि तो रंगवत होती दर्शना घरत. तृतीय वर्ष कला. खारघरच्या कडेला ओवे गाव आहे, तिथली. आजूबाजूला टॉवर उभे राहिले, गाव मध्ये तसंच आहे. दर्शना फार बोलायची नाही. सकाळी यायची, चपला काढून कापडावर बसायची, तोंडात ब्रश धरून दुसऱ्या ब्रशने रंगवायची. तिच्या आईचं माहेर उरणच्या बाजूचं, मिठागरांचं. तिने पडद्यावर तीच काढली. निळ्या पाण्याचे चौकोन, मधले बांध, पांढऱ्या मिठाच्या राशी आणि एका राशीवर पाय ठेवून उभी असलेली एक बाई, साडीचा कासोटा घातलेली. बाकीची आम्ही धावपळ करत होतो, भांडत होतो, माईकवरून एकमेकांना हाका मारत होतो, आणि त्या गोंधळात ती मीठ रंगवत बसली होती. मी येता जाता म्हणायचे, "मस्त झालंय." तेवढंच. तिच्याशी याहून जास्त बोलल्याचं मला आठवत नाही, आणि हे आठवत नाही याची मला लाज वाटते.

समारोपानंतर सगळ्या कामकऱ्यांचा एक फोटो काढला. पडद्यासमोर, सगळे घामेजलेले, काही झोपेला आलेले, दोघे जण एकमेकांच्या खांद्यावर. दुसऱ्या दिवशी यादी द्यायची होती. नावं आठवून लिहिली की भांडणं होतात, हा राहिला, तो आला. म्हणून मी शक्कल लढवली. तो फोटो समोर घेतला आणि डाव्या बाजूने एकेक चेहरा बघत नावं उतरवली. जो फोटोत आहे तो कामाला होता, जो नाही तो नव्हता. इतकी निःपक्षपाती यादी कॉलेजच्या इतिहासात झाली नसेल असं मला वाटलं. सही केली, सरांना दिली, आणि वडापाव खायला गेले.

मार्च संपता संपता फळ्यावर डिफॉल्टर लिस्ट लागली. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली ज्यांची हजेरी, त्यांची नावं. त्यांनी पालकांना घेऊन यायचं, पालकांनी हमीपत्रावर सही करायची, तरच हॉल तिकीट. त्या दिवसांत आमची जिन्याखालची खोली म्हणजे दवाखाना व्हायची. एकाला कावीळ झाली होती म्हणे, कागद नव्हता. एकाची आजी वर्षात तिसऱ्यांदा वारली होती. माझं डोकं तापलेलं होतं. त्यात दर्शना आली आणि दारात उभी राहिली.

"हमीपत्रावर काकाची सही चालेल का?" तिने विचारलं.

"वडील आहेत ना? मग वडिलांचीच लागेल. त्यांना घेऊन ये, दोन मिनिटांचं काम असतं."

"बाबांना नाही आणता यायचं."

मला वाटलं आणखी एक बहाणा. मी तिला ऐकवलं. आज ते शब्द आठवले की कान तापतात. म्हटलं, "लेक्चर बुडवताना वडील आठवले नाहीत. शेवटचं वर्ष आहे, जरा गांभीर्य नको?"

ती खाली बघत राहिली. मग अगदी सावकाश म्हणाली, "मी पडदा रंगवत होते. जानेवारीत. तुमच्याकडेच."

"मग तुझं नाव यादीत असेलच."

"नाही."

मी फाईल काढली. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग मोबाईलमधला तो फोटो काढला, मोठा केला, एकेक चेहरा पाहिला. ती नव्हती. मागे तिचं मीठ होतं, तिची खाडी होती, ती नव्हती. माझा अजून विश्वास बसेना. मी म्हटलं, "तू फोटोच्या वेळी कुठे गेली होतीस?"

"तो फोटो मीच काढला," दर्शना म्हणाली.

वरून कुणीतरी जिना उतरलं, चुना पडला. मी फाईल मिटली. तिला पाहुण्यांच्या मोडक्या खुर्चीवर बसायला सांगितलं, आणि मग लक्षात आल्यावर उठून माझी खुर्ची दिली.

मग तिने सगळं सांगितलं. घरी संमेलनाचं बोललीच नव्हती. बाबा बांधकामांना रेती आणि खडी पुरवतात, सातवीपर्यंत शिकलेत, पोरीने शिकावं असं त्यांना वाटतं, पण कॉलेजात नाचगाणी चालतात, पोरी बिघडतात, असंही वाटतं. चुलत बहिणीला याच कारणाने दुसऱ्या वर्षात काढलं होतं. दर्शना रोज सकाळी, रविवारीसुद्धा, लेक्चर आणि जादा तास आहेत म्हणून निघायची आणि कापडावर येऊन बसायची. बाबांना ऑफिसात बोलावलं की साहेब सांगणार, तुमची मुलगी तीन आठवडे वर्गात नव्हती. मग पुढचं उघड होतं. "या वर्षी पेपर नाही दिले तर परत नाही पाठवणार मला," ती म्हणाली. "स्थळं यायला लागलीत. शिक्षण चालू आहे म्हणून थांबलंय." आणि मग, जणू माझीच समजूत घालत, "तुझी चूक नाही. मीच सांगायला पाहिजे होतं, मला पण घ्या म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण सहज म्हणून जातो. इथे फास वळणारी मी होते, आणि तोही न्यायाच्या दोरीचा.

आज मी बेलापूरच्या एका कचेरीत माणसांच्या रजा आणि हजेऱ्या बघते. माणूस आपल्या पापापासून फार लांब जात नाही. कधी कुठल्या कामाची यादी करून कुणी टेबलावर ठेवली, की मी आधी विचारते, हे सगळं ज्याने जमवून आणलं त्याचं नाव घातलंस का. नवीन पोरं म्हणतात मॅडम जरा शंकेखोर आहेत. आहेत. मॅडमना शंका महागात पडलेली नाही, खात्री महागात पडली होती.

त्या दुपारी मी सरांकडे लगेच गेले नाही, हेही सांगायला हवं. वडाळे तळ्याच्या काठाने उगीच एक फेरी मारली. ऊन रणरणत होतं, पाणी तापून डोळ्यांत खुपत होतं. मनात सोपे मार्ग येत होते. काकाची सही घेऊन वडिलांची म्हणून लावावी. ऑफिसातल्या कुणाला तरी सांगून गुपचूप आकडा बदलून घ्यावा. आणि सगळ्यात सोपा, तिला म्हणावं, बाई, घेऊन ये वडिलांना, मी समजावीन. माझी चूक, आणि वडिलांना तोंड द्यायचं तिने, असा तो हिशेब होता. तळ्याला वळसा पूर्ण व्हायच्या आत मला स्वतःचीच किळस आली. मग वळले आणि कॉलेजात गेले.

देवळेकर सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून एक फाईल काढली, त्यातून एक कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. माझंच वळणदार अक्षर. यादी दिल्यावर एकही नाव वाढवलं जाणार नाही, मग कुणीही येवो.

"मला आवडला होता हा नियम," सर म्हणाले. "म्हणून जपून ठेवलाय."

"सर, ती खरंच होती तिथे."

"हे तू म्हणतेस. यापूर्वीच्या प्रत्येक सचिवाने हेच म्हटलं होतं. तूच तर सांगितलंस मला, जुलैमध्ये."

सर खवचट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं. ते खरंच मला विचारत होते. मग मला गेटवरचं रजिस्टर आठवलं. संध्याकाळी सहानंतर थांबणाऱ्या मुलींनी जाताना गेटवर नाव, वेळ आणि कारण लिहायचं असा आमच्याकडे दंडक होता, आणि गेटवरचे मोरेकाका त्याशिवाय कुणाला सोडायचे नाहीत. मी धावत गेले. मोरेकाकांनी रजिस्टर देताना पहिल्यांदा त्याचीच सही माझ्याकडून घेतली. जानेवारीची पानं उलटली. आम्ही बाकीच्यांनी कारणाच्या रकान्यात काय काय लिहिलं होतं. रिहर्सल, मीटिंग, एकीने तर नुसतं काम असं. दर्शनाच्या नावापुढे रोज एकच शब्द होता. पडदा. दुसऱ्या दिवशी पडदा. रविवारीही पडदा.

सरांनी ती पानं शांतपणे पाहिली. चहाचा घोट घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले. "हिची हजेरी धरू. वडिलांना बोलवायची गरज नाही. पण नियम तुझा आहे. तो मी मोडणार नाही, तू मोड. काय झालं ते लिही, सही कर आणि फळ्यावर लाव. उद्या कुणी विचारलं की हिला का आणि मला का नाही, तर ते तुझ्या सहीखाली असेल."

मी तिथेच बसून लिहिलं. स्नेहसंमेलनाच्या यादीत कुमारी दर्शना घरत, तृतीय वर्ष कला, हिचं नाव माझ्या निष्काळजीपणाने राहिलं. मी ती यादी फोटोवरून केली आणि फोटो काढणारी तीच होती. मंचाचा पडदा तिने एकटीने तीन आठवडे रंगवला. मी केलेला नियम या एका नावासाठी मी मोडत आहे. खाली नाव आणि सही. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "निष्काळजीपणाने हा शब्द राहू दे. बरा आहे."

कागद डिफॉल्टर लिस्टच्या शेजारी, पाण्याच्या कूलरजवळच्या फळ्यावर लागला. म्हणजे कॉलेजातली सगळ्यात गर्दीची जागा. दोन दिवस मला कुणी नावाने हाक मारली नाही. "काय निष्काळजी, जेवलीस का?" वाणिज्यच्या एका टारगटाने तर मोबाईल पुढे करून विचारलं, "सेक्रेटरी, आमचा ग्रुप फोटो काढतेस का? नाव राहील तुझं." मी हसले. आश्चर्य म्हणजे मनापासून हसले. ज्याची भीती वाटते ते एकदा होऊन गेलं की त्यात फारसं काही नसतं. उघड्यावर लागलेली चूक दोन दिवसांत शिळी होते. मनात ठेवलेली मात्र रोज ताजी.

तिसऱ्या दिवशी दर्शनाला हॉल तिकीट मिळालं. ती ते घेऊन खोलीच्या दारात आली आणि नुसतं उंच धरून दाखवलं. मी खुर्चीत मागे टेकले आणि जो श्वास सोडला, तो बहुधा तिचं नाव यादीत सापडलं नाही तेव्हापासून आत होता. त्या दिवशी मी बाजारातून द्रोणभर करवंदं घेतली. दोघी जणी पायरीवर बसून खाल्ली, चिकाने ओठ चिकट झाले. बोललो काहीच नाही. सुटकेचं सुख आनंदाहून वेगळं असतं. आनंदात माणूस बडबडतो, सुटकेत तो गप्प बसून खातो.

मध्येच माझा हात थांबला. म्हटलं, "दर्शना, तो कागद. तुझ्या बाबांनी वाचला तर?"

तिचाही हात थांबला. मग ती म्हणाली, "बाबा कधी आत येत नाहीत. गेटवर सोडतात आणि जातात. तीन वर्षांत एकदा पण नाही आले."

कागद काढावा का, असं मी म्हटलं. पण परीक्षा संपेपर्यंत तो राहील, असं सरांनी बजावलं होतं. आणि खरं सांगायचं तर तो काढायला माझा हात धजला नसता.

पहिला पेपर आला. कलेचा सकाळी, वाणिज्यचा दुपारी. मी सकाळपासूनच हजर होते, कारण पहिल्या दिवशी कुणाचं तरी हॉल तिकीट घरी राहतंच. एप्रिलमधलं ते दमट ऊन, खाडीवरून येणारा चिकट वारा, वर्गावर्गांतून पंख्यांची घरघर. मुलं आत गेली आणि आवार एकदम रिकामं झालं. परीक्षा चालू असतानाचं कॉलेज फार शांत असतं.

कूलरपाशी एक माणूस पाणी पीत होता. पांढरा शर्ट, खिशात पेन, पायांवर खडीची धूळ. पाणी पिऊन झालं, तोंड पुसलं आणि तो फळ्याकडे वळला. वेळ घालवायला माणूस जे समोर असेल ते वाचतो. त्याचं बोट एका कागदावर आलं आणि ओळीवरून हळूहळू सरकायला लागलं. मग थांबलं. मला न सांगता कळलं हा कोण. तीन वर्षांत कधी आत न आलेला माणूस उन्हाने पाणी प्यायला आत आला होता.

मी जवळ गेले.

"या माजे पोरीचा नाव हाय," तो मला म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"हो काका."

"न ही सही कोनाची?"

"माझी. मी इथली सेक्रेटरी आहे. मुलांची कामं बघते."

"मंग तुमीच नाव इसरले?"

"मीच."

त्याने पुन्हा वाचलं. तीन आठवडे, या शब्दांवर बोट बराच वेळ होतं. मी मनात वाक्यं जुळवत होते. तिने खोटं बोलायला नको होतं, पण काका. इथे तसलं काही नसतं, काका. तिचे पेपर होऊ द्या, काका.

"एकलीनी केला?" त्याने विचारलं. "येवरा मोठा?"

"एकटीने. सगळं कॉलेज बघत होतं. उरणची मिठागरं काढली होती तिने."

त्याने खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. कॉलेजात नाचगाणी चालतात म्हणणारा माणूस कसा दिसत असेल याचं मी एक चित्र रंगवून ठेवलं होतं. समोरचा माणूस त्यात बसत नव्हता. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि तो रागावला होता असं मला वाटलं. रागावलाच होता. पण त्याचं कारण मी समजले होते ते नव्हतं.

"घरी सांगाचा ना," तो म्हणाला. "मी बघाला आलो असतो."

मग तो गेला नाही. त्या दिवशी खडीचा ट्रक कुठे अडला असेल तर अडला असेल. पेपर संपेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला, आणि मीही दोन पायऱ्या सोडून बसले, मांडीवर उघडं पुस्तक, एकही ओळ न वाचता. घंटा झाली. मुलं लोंढ्याने बाहेर आली. दर्शना बोलत बोलत येत होती, तिने बापाला पाहिलं, मग त्याच्यामागचा फळा पाहिला, आणि जागच्या जागी उभी राहिली.

घरत उठले. पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. लेकीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फुरचे टायमाला आमाला पन बोलव."

दर्शना म्हणाली, "बाबा, पुढची वेळ नाही आता. हे शेवटचं वर्ष आहे."

त्यांनी क्षणभर विचार केला. अगदी क्षणभरच.

"मंग फुरं शीक," ते म्हणाले, आणि तिच्या हातातलं पॅड आपल्या काखेत धरून गेटकडे चालायला लागले.

दर्शना तिथेच उभी होती, मी पायरीवर. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर दोघी रडलो असतो आणि दुपारच्या मुलांना वाटलं असतं पेपर फार कठीण आला. मग ती बाबांच्या मागे पळाली. माझ्या पेपरची पहिली घंटा झाली. अभ्यास अर्धाही झाला नव्हता, पेन कुठे ठेवलं ते सापडत नव्हतं, आणि तरीही जन्मात कधी इतक्या हलक्या मनाने मी परीक्षेला बसले नव्हते.